अक्षरांचें ऋण : लहानग्यांस वाचून दाखविणाऱ्यांचा इतिहास

पवित्र शास्त्रांत ज्यूबिलीचें जें वर्ष सांगितलें आहे तें ऋणमुक्तीचें वर्ष होय. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, हातची गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी आणि दास झालेल्या माणसानें आपल्या कुटुंबांत परत यावें. आपल्या धर्मग्रामाच्या ज्यूबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत देवळाच्या, घंटेच्या, धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या हकीगती येतीलच, आणि त्या यावयासच पाहिजेत. आम्हांस मात्र वाचकांस एका निराळ्या ऋणाची आठवण द्यावीशी वाटते. तें ऋण पैशाचें नाहीं, जमिनीचेंहि नाहीं. तें अक्षरांचें आहे. ज्या कोणी आपल्या वाडवडिलांपाशीं बसून, पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून वाचून दाखविलें, त्याचें तें ऋण होय. तें फेडण्याची रीत एकच आहे : दुसऱ्या कोणा लहानग्यापाशीं तसेंच जाऊन बसणें.

ख्रिस्तसभेंत वाचून दाखविण्याची चाल फार जुनी आहे. दर रविवारीं वाचक पुढें येऊन पाठ वाचतो आणि सारी मंडळी ऐकते. ज्याला अक्षर येतें तो आणि ज्याला येत नाहीं तो, असे दोघेहि त्या वेळीं एकाच ओळींत बसलेले असतात. युरोपांत चौदाव्या शतकापासून चित्रकारांनीं संत आन्ना आपल्या लहानग्या मरियेपुढें पुस्तक उघडून तिला वाचावयास शिकवीत आहे असें चित्र वारंवार काढिलें. शास्त्रांत ही गोष्ट लिहिलेली नाहीं. तथापि आईजवळ मूल आणि मुलापुढें पुस्तक हें दृश्य विश्वासी जनांस पवित्र वाटलें, एवढें त्यावरून निश्चित कळतें.

पवित्र शास्त्राचा बहुतेक भाग लॅटिन भाषेंत आणणारे महापंडित संत जेरोम यांनीं इ. स. ४०३ च्या सुमारास लेता नांवाच्या एका रोमी बाईस पत्र लिहिलें. तिच्या पौला नामक लहान मुलीचें शिक्षण कसें करावें हा त्या पत्राचा विषय. संत म्हणतात त्याचा सारांश असा : मुलीला लाकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें करून द्यावीं, तिला त्यांशीं खेळूं द्यावें, म्हणजे खेळ हाच अभ्यास होईल, तिला सोबतीणी द्याव्या, म्हणजे शिकण्याची ईर्ष्या लागेल, ती मागें पडली तर रागावूं नये, कारण बालपणीं अभ्यासाचा तिटकारा उत्पन्न झाला तर तो मोठेपणींहि जात नाहीं. शेवटीं ते लिहितात कीं, मुलीला बेथलेहेमास धाडल्यास हा म्हातारा तिला स्वतः खांद्यावर घेईल आणि तिच्या बोबड्या बोलांस वळण लावील. अलेक्झांडर बादशहाच्या गुरूपेक्षां त्यांत आपणांस अधिक धन्यता वाटेल. ज्यांच्या विद्वत्तेपुढें सारा पश्चिम नमला, त्या पुरुषास बाळाचें अक्षर हें हलकें काम वाटलें नाहीं. परंतु पौला ही मोठ्या घरची मुलगी होती. गरिबाच्या मुलापाशीं कोण बसणार, हा प्रश्न त्या पत्रानें सुटला नाहीं; आणि येथून पुढचा सारा इतिहास त्याच प्रश्नाचा आहे.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण ह्या शहराच्या बरकतीवरून पडली. पण पाळणा म्हटला कीं मूल आलें, आणि पाळण्यांतल्या मुलाच्या कानीं काय पडतें हा विचारहि आला. ह्याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिलेला आहे. अक्षर कसें काढावें, ओळी कशा धराव्या, शाई, लेखणी व कागद यांची निगा कशी राखावी हें त्यांत सांगितलें आहे. ज्या लिपींत आपण आज लिहितों तिला आपल्या पूर्वजांनीं ‘बालबोध’ असें नांव दिलें. बालकास बोध व्हावा ती लिपि! एवढें गोड नांव ज्या लिपीस लाभलें, तिच्यापासून कित्येक समाजांचीं बालकें शतकानुशतकें दूर ठेवण्यांत आलीं, हें दुःखद सत्य विसरून चालणार नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे त्याच समाजांतले होते.

समर्थ आठ वर्षांचे असतांना, म्हणजे १६१६ सालीं, गोमंतकांत राचोल येथें एक मराठी ग्रंथ छापून निघाला. तो फादर थॉमस स्टीफन्स यांचा ‘क्रिस्तपुराण’ होय. हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. पुराणाच्या आरंभीं त्यांनीं असें निमित्त रचिलें आहे कीं, एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूंस विनवितो, ‘आमचीं जुनीं पुराणें आम्हीं सोडिलीं, आतां आमच्या भाषेंत आम्हांस वाचावयास कांहींतरी द्या.’ सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या मागणीचें उत्तर आहे. तो प्रथम रोमन लिपींत छापला गेला, कारण मराठी अक्षरांचे खिळे तेथें नव्हते. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आज त्या जुन्या छापील प्रतींपैकीं एकहि उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांवर आणि लोकांच्या कंठांत. देवळांत आणि घरांत तो मोठ्यानें वाचिला जाई. गोव्याहून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो बरोबर नेला, आणि १९०७ सालीं मंगळूर येथेंच त्याची पुन्हां छपाई झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पोथी ऐकणाऱ्या शंभर माणसांत वाचतां येणारा एखादाच असे. तो आपली विद्या उरलेल्या नव्व्याण्णवांस उसनी देई. महाराष्ट्रांतील हरिविजय-पांडवप्रतापाचीं वाचनें चालत तींहि ह्याच रीतीनें. त्या मंडळींत पुढें लहान मुलें बसत. त्यांना कोणी मुद्दाम शिकवीत नसे. तरी ग्रंथाची भाषा, तिचा ठेका, गोष्टीला आरंभ, मध्य व शेवट असतो ही जाणीव, आणि त्या काळ्या खुणांतून आवाज निघतो हें आश्चर्य, एवढें सारें त्यांच्या पदरीं पडे. मूल आधीं कानांनीं वाचावयास शिकतें आणि मग डोळ्यांनीं. आजच्या शास्त्रज्ञांनीं हेंच सिद्ध केलें आहे. आपल्या आजीबाईंस तें शास्त्राशिवाय ठाऊक होतें.

मराठवाडा १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. दरबाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाची भाषाहि उर्दूच. मराठी बोलणाऱ्या गरीब मुलास वरची पायरी दिसत नसे, आणि खालची पायरी पुष्कळदां त्याच्या गांवांतच नसे. अशा स्थितींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जालन्यास आले. १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण गृहस्थ स्कॉच मिशनचा. त्यांनीं शहराजवळ बेथेल नांवाची वसाहत वसविली आणि ज्यांस गांवकुसाबाहेर ठेविलें जाई त्या कुटुंबांस तेथें थारा दिला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तथापि त्यांचें नांव आदरानें घेण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं. दीनांपाशीं जो जाऊन बसला तो कोणत्या मिशनचा, हें विचारण्याचें कारण नाहीं.

आपल्या कॅथोलिक मंडळीपुरतें पाहूं गेल्यास, औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. तत्पूर्वीं हा मुलूख १९५५ पासून अमरावतीच्या आणि त्याहि आधीं नागपूरच्या धर्मप्रांतांत मोडत असे. सॅव्हॉय प्रांतांतील आनेसी येथें १८३८ सालीं स्थापन झालेल्या, सेल्सचे संत फ्रान्सिस यांच्या नांवानें चालणाऱ्या संघाच्या फादरांनीं येथें श्रम केले. परंतु फादर वाडीवर येत ते क्वचित्. वाडीवर राहत तो कॅटेकिस्ट मास्तर. दिवसभर लोक शेतावर. म्हणून मास्तरांची शाळा दिवेलागणीनंतर. कंदिलाच्या उजेडांत प्रार्थना, प्रश्नोत्तरें, एखादी शास्त्रांतील गोष्ट आणि धुळपाटीवर अक्षरें, असा त्यांचा क्रम. १९०३ सालीं जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ हें मराठी मासिक सुरू केलें. असें मासिक एका घरीं येतें आणि अनेक घरीं ऐकलें जातें. ह्या मास्तरांचीं नांवें मोठ्या इतिहासांत सांपडणार नाहींत; परंतु आपल्या नोंदवहींत ज्यांच्या सह्या अंगठ्यावरून अक्षरावर आल्या, त्या प्रत्येक सहीमागें असा कोणीतरी बसलेला आहे.

आतांपर्यंत सांगितलें तें मोठ्यांसाठीं चाललेल्या वाचनाचें. लहानगीं त्यांत सहज येऊन बसत. केवळ लहानग्यांसाठीं म्हणून बसणें ही विसाव्या शतकाची देणगी होय. १९०७ सालीं, ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोम शहरांतील सॅन लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडिलें. त्या कॅथोलिक होत्या व धंद्यानें डॉक्टर होत्या. पुढें १९३९ सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या व महायुद्धामुळें कित्येक वर्षें येथेंच राहिल्या. त्यांच्या विचारांचें बीज इकडे त्यांच्या आधींच पडलें होतें. भावनगर येथें १९२० सालीं गिजुभाई बधेका यांनीं बालमंदिर काढिलें. त्यांच्यासह ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला.

ताराबाईंचें मोठेपण ह्यांत कीं, श्रीमंतांच्या मुलांसाठीं चाललेलें शिक्षण त्यांनीं गरिबाच्या दारीं नेलें. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांस तेथेंच मिळाल्या. बालपणींच वैधव्य आलेल्या ह्या बाईनें उरलेलें सारें आयुष्य त्या कामास वाहिलें. वस्तींतील मुलें शाळेंत येत ना, तेव्हां ह्या दोघींनीं शाळाच वस्तींत नेली, अंगणांत मांडिली आणि तिला ‘अंगणवाडी’ म्हटलें. महागडीं साधनें परवडत ना, तेव्हां शिंपले, खडे, पानें, बिया हींच साधनें झालीं. गाणें आधीं, गोष्ट मग, आणि अक्षर त्यानंतर, हा क्रम त्यांनीं घालून दिला. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. १९७५ सालीं २ ऑक्टोबरास भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस हेंच नांव मिळालें. आज जालना जिल्ह्यांतील गांवोगांवच्या अंगणवाडीच्या पाटीवर जो शब्द आहे, तो बोर्डीच्या त्या अंगणांतून आलेला आहे.

शतकाच्या अखेरीस मुंबईंत ‘प्रथम’ ही संस्था निघाली. डॉ. माधव चव्हाण व फरिदा लांबे हे तिचे संस्थापक. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वर्गासाठीं खोली मिळेना, तेव्हां त्याच वस्तींतील तरुण मुलींनीं आपल्या घरांत, मंदिरांत, जेथें जागा मिळेल तेथें बालवाड्या चालविल्या. पुढें ह्या संस्थेनें २००५ सालापासून गांवोगांव स्वयंसेवक पाठवून, मुलास एक कागद दाखवून, त्याला अक्षर, शब्द, उतारा कीं गोष्ट वाचतां येते हें पाहण्याची पद्धत सुरू केली. २०१८ सालीं ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीचा पाठ वाचूं शकणारीं ५०.५ टक्के भरलीं. महामारींत शाळा बंद राहिल्या. २०२२ सालीं तोच आंकडा ४२.८ वर आला. २०२४ सालीं तो पुन्हां ४८ च्या वर गेला. म्हणजे पांच वर्षें शाळेंत बसूनहि निम्मीं मुलें गोष्ट वाचूं शकत नाहींत.

ह्याच संस्थेच्या कामाची एक परीक्षा आपल्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. उत्तर प्रदेशांतील जौनपूर जिल्ह्यांत २००५-०६ सालीं २८० गांवें निवडण्यांत आलीं. कांहीं गांवांत ग्रामस्थांच्या सभा घेऊन शिक्षणाविषयीं माहिती दिली; कांहींत सभेबरोबर मुलांची वाचनपरीक्षा कशी घ्यावी हेंहि शिकविलें; आणि कांहींत ह्या दोहोंशिवाय गांवच्याच तरुणांस मुलांकडून वाचन करून घेण्यास शिकविलें. उरलेल्या गांवांत तुलनेसाठीं कांहींच केलें नाहीं. फळ काय आलें? नुसत्या सभांनीं वाचन सुधारलें नाहीं. जेथें गांवचे तरुण स्वतः मुलांस घेऊन बसले, तेथें वाचनवर्गास आलेल्या मुलांची प्रगति स्पष्ट दिसली. अक्षरहि न ओळखणारीं मुलें अक्षरें ओळखूं लागलीं. परंतु त्याच परीक्षेंत दुसरीहि गोष्ट दिसली : ज्यांस गरज होती त्यांपैकीं थोडींच मुलें वर्गास आलीं. ह्यांतून आम्ही दोन धडे घेतों. ठराव, भाषणें व हारतुरे यांनीं मूल वाचूं लागत नाहीं. शेजारीं बसल्यानें लागतें. आणि जें मूल येत नाहीं त्याच्याकडे आपणच गेलें पाहिजे, जसा मेंढपाळ हरवलेल्या मेंढराकडे जातो.

आपल्या जिल्ह्याची स्थिति पाहा. १ मे १९८१ रोजीं तो निराळा झाला. २०११ च्या जनगणनेंत त्याची लोकसंख्या १९,५९,०४६ असून साक्षरता सुमारें ७१.५ टक्के होती. पुरुषांत ती ८१ च्या वर, पण स्त्रियांत अवघी ६१ च्या आसपास. म्हणजे त्या वेळीं दर पांच स्त्रियांमागें दोघींच्या हातांत पुस्तक मुकें होतें. त्यांतून अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या भागांतून कित्येक कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. दिवाळीच्या सुमारास निघालेलें मूल उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतें. मधल्या काळांत त्याच्या हातीं पाटीऐवजी उसाचें वाढें असतें. तांड्यावरचें मूल घरीं गोरमाटी बोलतें, आणि शाळेंत एकदम पुस्तकी मराठी त्याच्या पुढ्यांत येते. आमच्या घरभेटींत असें मूल आम्हांस पुष्कळदां भेटतें : पाठ घडाघडा म्हणतें, परंतु मधलीच ओळ दाखविली कीं मुकें होतें. तें पाठ ऐकून शिकलें, वाचून नाहीं.

मग उपाय काय? तो सोपा आहे, म्हणूनच दुर्लक्षिला जातो. अमेरिकेंत १९८८ सालीं व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईबापांस एवढेंच सांगितलें कीं, चित्रांचें पुस्तक नुसतें वाचून टाकूं नका. मुलास विचारा, त्याला बोलूं द्या, त्याच्या वाक्यांत आपलें एक वाक्य मिळवा. एका महिन्यांत तीं मुलें बोलण्यांत आपल्या जोडीच्या मुलांच्या कित्येक महिने पुढें गेलीं. ह्यास पैसा लागत नाहीं, वेळ लागतो. ज्या आईला वाचतां येत नाहीं तिनेंहि मागें सरूं नये. जात्यावर ओवी रचणाऱ्या बाया निरक्षरच होत्या. तिनें चित्र पाहून गोष्ट सांगावी. थोरल्या मुलीनें धाकट्यास वाचून दाखवावें आणि आईनें ऐकावें. २०२२ सालीं महाराष्ट्र शासनानें ‘पहिले पाऊल’ ह्या नांवानें शाळापूर्व तयारीचे मेळावे भरविले, तेव्हां गांवोगांव मातांचे गट केले, तें ह्याच विश्वासावर.

आमची विनंती अशी कीं, ज्यूबिलीच्या ह्या वर्षापासून आपल्या धर्मग्रामांत वाचन-सेवेचा नेम धरावा. रविवारीं मिस्सेनंतर अर्धा तास, देवळाच्या ओसरीवर, सर्वांच्या नजरेसमोर, एका वाचकानें चार-पांच मुलें घेऊन बसावें. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावें. ओळीखालून बोट फिरवावें. पान मुलास उलटूं द्यावें. तेंच पुस्तक पुन्हां मागितलें तर कंटाळूं नये, कारण पुनरुक्ति हीच बाळाची पाठशाळा होय. परीक्षा घेऊं नये, बक्षिसांची लालूच दाखवूं नये. आठवड्यांतून एक दिवस पुस्तकांची पेटी वस्तीवर आणि तांड्यावर न्यावी. ऐकावयास आलेल्या मुलाचा धर्म व जात विचारूं नये, आणि पुस्तकाच्या मिषानें त्याच्यावर कांहीं लादूंहि नये. त्याला गोष्ट द्यावी आणि आनंदानें घरीं धाडावें. पुस्तकांचा तोटा नाहीं : बालभारतीचें ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे, नॅशनल बुक ट्रस्टचीं व २००४ सालीं निघालेल्या ‘प्रथम बुक्स’चीं स्वस्त मराठी पुस्तकें मिळतात.

ह्या सेवेच्या मर्यादाहि जाणून असावें. स्वयंसेवक हा शिक्षकाची जागा घेऊं शकत नाहीं. शाळा नीट चालावी ह्यासाठीं आग्रह धरणें हें पालकांचें कर्तव्य राहतेंच. उत्साह पहिल्या महिन्यांत फार असतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ओसरतो. म्हणून दहा जणांनीं एकदां येण्यापेक्षां दोघांनीं वर्षभर येणें अधिक मोलाचें. मोठ्या समारंभास लागतो तेवढा गाजावाजा ह्याला नको. बी पेरणारा शेतकरी वाजंत्री लावून पेरीत नाहीं.

ज्यूबिलीच्या वर्षीं ऋणें फिटतात. क्रिस्तपुराण वाचणाऱ्या त्या अज्ञात वाचकाचें, कंदिलापाशीं बसलेल्या मास्तरांचें, बोर्डीच्या अंगणांत गोष्ट सांगणाऱ्या त्या दोघींचें ऋण त्यांस परत देतां येणार नाहीं. ते आतां देवाच्या घरीं आहेत. तें द्यावयाचें आहे तें आपल्याच गल्लींतील त्या पांच वर्षांच्या मुलास, जें अजून पुस्तक उलटें धरतें. त्याच्या हातांतील पुस्तक सुलट करून त्याच्या शेजारीं बसण्यास आपणांपैकीं प्रत्येकास दयाळू परमेश्वर वेळ आणि सबूरी देवो.